मुलाखतीसाठी इंग्रजी वाक्ये: कोणती पक्की करावीत?

तुमचे पत्र मिळाले. पदवीच्या शेवटच्या वर्षात तुम्ही मुलाखतीची पन्नास इंग्रजी वाक्ये पाठ केलीत, परंतु पहिल्याच मुलाखतीत प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला गेला आणि काहीच आठवेना. आता आणखी कोणती वाक्ये पाठ करावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते ही यादी वाढवू नये, उलट छाटावी. तयार उत्तरे बाजूला ठेवून अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारी वाक्ये तेवढी पक्की करावीत.

प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ असे विचारावे. ऐकू आला पण रोख कळला नाही, तर ‘डू यू मीन माय कॉलेज प्रोजेक्ट ऑर माय इंटर्नशिप?’ असे पर्याय मांडावेत, कारण त्यातून तुम्ही लक्षपूर्वक ऐकत आहात हेही दिसते. ‘मे आय टेक अ मोमेंट टू थिंक?’ असे म्हटल्यावर मात्र खरोखरच थांबावे. अनेक उमेदवार ते म्हणतात आणि पुढच्याच क्षणी बोलू लागतात. एखादे काम येत नसेल, तर ‘आय हॅवन्ट वर्क्ड ऑन दॅट येट, बट आय हॅव युज्ड समथिंग सिमिलर’ असे म्हणून जवळच्या अनुभवाकडे वळता येते, परंतु त्यावर लगेच उपप्रश्न येणार हे गृहीत धरावे आणि असा अनुभव नसेल तर वाक्य पहिल्या भागापाशीच संपवावे.

स्वतःच्या कामाविषयी सांगताना परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम असा क्रम ठेवावा; यालाच ‘स्टार’ पद्धत म्हणतात. येथे संकोचापोटी सगळीकडे ‘वी डिड’ म्हणण्याची आपल्याला सवय असते आणि मुलाखत घेणाऱ्याला तुमचा स्वतःचा वाटा कळतच नाही. ‘अवर टीम बिल्ट द ॲप, अँड आय हँडल्ड द टेस्टिंग’ या वाक्यात इतरांचे श्रेय राहते आणि तुमचे कामही स्पष्ट होते.

ओळख करून देताना ‘मायसेल्फ’ने सुरुवात करू नये आणि अनुभव सांगताना ‘आय ॲम हॅविंग’ऐवजी ‘आय हॅव’ म्हणावे. उच्चारांची चिंता एवढ्यात नको. सावकाश बोललात तरी पुरे.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का, असे विचारले जाते. त्यावर ‘नो’ म्हणण्याऐवजी ‘व्हॉट वुड आय बी वर्किंग ऑन इन द फर्स्ट फ्यू मंथ्स?’ असे विचारावे. सरावासाठी एखाद्या मित्राला तेच प्रश्न दर वेळी शब्द बदलून विचारायला सांगा आणि उत्तरे लिहून न काढता मोठ्याने द्या.