बारावीला बायोलॉजी नव्हतं. फिजिक्समधून बायोइलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधनात जाता येईल का?

बीएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, बायोलॉजी सुटलेलं, आणि आता बायोइलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे सजीव पेशी आणि इलेक्ट्रॉनिक्सची सांगड घालणारा विषय, खुणावतंय, असं तुम्ही लिहिलंय. मीही पीसीएमवालाच. बेडूक कापायला नको म्हणून अकरावीतच बायोलॉजीला रामराम केला होता. आणि या विषयाची सुरुवात कुठून? बेडकापासूनच! बोलोन्याच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरचे प्रयोग १७९१ मध्ये छापले, आणि त्याच्याशी वाद घालता घालता व्होल्टाने १८०० मध्ये बॅटरी जगापुढे ठेवली.

जाता येईल. डायोडच्या समीकरणातला केटी भागिले क्यू (थर्मल व्होल्टेज) आठवतो ना, खोलीच्या तापमानाला साधारण २६ मिलिव्होल्ट? शरीराच्या तापमानाला तो २६.७ होतो. पेशीच्या आत पोटॅशियम अंदाजे १४० मिलिमोलर, बाहेर ५. भागाकाराचा नॅचरल लॉग घेऊन २६.७ ने गुणा, ८९ येतील. पोटॅशियमचा नर्न्स्ट विभव, म्हणजे आत-बाहेरच्या या फरकाला तोलून धरणारं व्होल्टेज, तो हाच, फक्त आतली बाजू ऋण. एमएस्सीत हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हा तर आपला बोल्ट्झमन! चेतापेशीतला विद्युत संदेश समजावणारं हॉजकिन-हक्स्लीचं १९५२ चं मॉडेलसुद्धा रेझिस्टर, कपॅसिटर आणि बॅटरीच्याच भाषेत आहे. बायोलॉजीचे शब्द लागतील तसे शिकता येतात.

माझी गाडी अडली ती पाण्यापाशी. प्रोजेक्टला पेडॉट-पीएसएस या पॉलिमरचा ट्रान्झिस्टर होता. त्यात गेट आणि चॅनेलच्या मध्ये ऑक्साइडऐवजी मिठाच्या पाण्याचा थेंब असतो. गेटला धन व्होल्टेज दिलं की पाण्यातले धन आयन चॅनेलच्या पॉलिमर फिल्ममध्ये शिरतात आणि करंट घटतो. माझा करंट मात्र गेटला हात न लावताही संथपणे उतरत होता. तीन आठवडे मी त्याला एक्स्पोनेन्शियल बसवत राहिलो, टाइम कॉन्स्टंटसुद्धा काढला. एक दिवस गाइड मॅडम आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "आधी पंखा बंद कर." थेंब सुकत होता, मीठ दाट होत होतं, बस्स. पेट्री डिशचं झाकण ठेवलं आणि माझा टाइम कॉन्स्टंट गायब.

परीक्षांचं थोडक्यात: एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, पुढे पीएचडीसाठी नेट किंवा गेट (ही परीक्षा, ट्रान्झिस्टरचं गेट नव्हे). आयआयटी मुंबईच्या बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंगसारख्या विभागांचे पात्रतेचे नियम त्यांच्या साइटवरच वाचा, सीनियरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

त्याआधी एक करा. मेडिकलमधून सलाइनची बाटली आणा, त्यात स्टीलच्या दोन तारा सोडा आणि एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. फंक्शन जनरेटरवर व्होल्टेज अगदी कमी, शंभरएक मिलिव्होल्ट, ठेवून १० हर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत इम्पिडन्स मोजा. कमी फ्रिक्वेन्सीला तो का वाढतो, यावर डोकं लावा. पीएचडीच्या इंटरव्ह्यूत मला वीस मिनिटं याच ग्राफवर पिदडलं होतं. बेडकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.