टंग रेल एकटी बदलू नये

प्रश्न: सांध्यातली (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवतात त्या जागेतली) टंग रेल (सरकणारा, टोकाला निमुळता रूळ) टोकाशी चेपली आहे, पण शेजारची स्टॉक रेल (टंग रेल जिला टेकते तो स्थिर रूळ) डोळ्याला बरी दिसते. फक्त टंग रेल बदलली तर चालेल?

उत्तर: नाही. दोन्ही जोडीनेच बदला. टंग रेलचं टोक तासून इतकं पातळ केलेलं असतं की चाकाचा भार त्याला सोसत नाही. म्हणून ते स्टॉक रेलच्या माथ्यापेक्षा खाली आणि तिच्या आड ठेवतात. टंग रेल पुढे जाड झाली की मगच भार तिच्यावर येतो. स्टॉक रेल वरून चार-पाच मिमी झिजलेली असेल, तर नवी टंग रेल तिच्याशेजारी उंच ठरते. भार पातळ भागावरच येतो आणि टोकाचे टवके उडतात. स्टॉक रेल बाजूने झिजली असेल तर धोका त्याहून मोठा: आड असायला हवं ते टोक उघडं पडतं आणि चाकाची कड त्यावर चढून गाडी घसरू शकते.

ब्लॉक (कामासाठी गाड्या थांबवून दिलेला वेळ) मिळाल्यावर स्टॉक रेलची आतली कड नीट पाहा. माथ्याचं पोलाद चाकांखाली दबून बाहेर आलेलं असतं, पातळ ओठासारखं. तो ओठ घासून काढला नाही तर टंग रेल पूर्ण टेकत नाही.

सांधा फिरवणारं मशीन सिग्नलवाल्यांकडून लेखी डिस्कनेक्ट झाल्याशिवाय स्ट्रेचर बारला (दोन्ही बाजूंच्या टंग रेल जोडणाऱ्या दांडीला) हात लावू नका. नवी जोडी बसली की टंग रेल प्रत्येक स्लाइड चेअरवर (ती जिच्यावर सरकते त्या बैठकीवर) टेकते का आणि तासलेल्या लांबीभर स्टॉक रेलला चिकटते का, ते बघा. शेवटी टोकाशी नियमातल्या जाडीची पट्टी (बहुतेक ठिकाणी 3 ते 5 मिमी) धरून मशीन फिरवायला सांगा. पट्टी मधे असताना सांधा लॉक झाला, तर तो वाहतुकीला देऊ नका.

प्रश्न: स्लीपर (रुळांखालचे आडवे आधार) बदलल्यावर गाड्या काही दिवस सावकाश का नेतात?

उत्तर: स्लीपर काढताना खडी मोकळी होते आणि रुळाला बाजूने धरणारी पकड जाते. सलग जोडलेल्या रुळाला उन्हात लांब व्हायला वाव नसतो, त्यामुळे मीटरला 60 किलो वजनाच्या एका रुळात तापमानाच्या दर अंशाला जवळपास 1.9 टन दाब साठतो. तणावमुक्त तापमानाच्या (ज्या तापमानाला रुळात ताण किंवा दाब नसतो) वर 20 अंश चढले की सुमारे 37 टन! खडी सैल असेल तर रूळ नागमोडी वाकतो. स्लीपरच्या टोकाबाहेरची खडी भरा, टॅम्पिंग करा (स्लीपरखाली खडी ठासा) आणि पातळी मोजत वेग टप्प्याटप्प्याने वाढवा.