रोपं लांबुडकी का होतात?

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. टोमॅटो-मिरचीचं बी उगवतं, पण रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतात. महागडा ग्रो लाइट (रोपं वाढवण्याचा खास दिवा) घ्यावाच लागेल का?

उत्तर : नाही. २० वॅटची, चार फुटी, ६५०० केल्विनची (म्हणजे पांढऱ्या उजेडाची) साधी एलईडी ट्यूब पुरते. ग्रो लाइट म्हणून मिळणाऱ्या जांभळ्या दिव्यांवर पैसे घालवू नका. रोपं लांबतात ती उजेड कमी पडल्यामुळे, खतामुळे नव्हे. ट्यूब साखळीने टांगून शेंड्यांपासून १०-१५ सेंमी वर ठेवा, रोपं वाढतील तशी उचलत जा. तिच्याखाली फूटभर रुंदीचाच पट्टा नीट उजळतो. टायमर १४-१६ तासांचा लावा. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. वीज महिन्याला सुमारे १० युनिट. बुडाशी कुजून रोपं कोलमडत असतील, तर मात्र दिव्याला दोष देऊ नका, कोकोपीटमधलं (नारळाच्या काथ्याच्या भुशातलं) पाणी कमी करा.