प्रश्न वाचकांचे : बागेतले तळे किती खोल खणावे?

प्रश्न : गंगापूर रोडवरील आमच्या बंगल्याच्या मागे सुमारे ३० फूट बाय २० फूट मोकळी जागा आहे. तेथे १२ फूट बाय ८ फुटांचे तळे करून त्यात कमळे लावावीत आणि मासे सोडावेत, असा विचार आहे. पाणी जितके खोल तितके स्वच्छ राहते असे ऐकल्यामुळे खोली आठ फूट ठरवली आहे. वर तीन फूट काळी माती असून खाली मुरूम लागतो. मेहुण्यांच्या निफाड तालुक्यातील द्राक्षबागेत शेततळ्यासाठी आणलेला ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद शिल्लक आहे; तो वापरावा की काँक्रीट करावे? डासांचे काय करावे? घरात दोन लहान नातवंडे आहेत.
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आठ फुटांचा विचार आपण सोडून द्यावा. बागेतले तळे खोल असावे हा सल्ला मुख्यतः थंड देशांतून आलेला आहे. तिथे हिवाळ्यात पाण्याचा वरचा थर गोठतो आणि मासे जगण्यासाठी तळाशी न गोठलेले पाणी शिल्लक असावे लागते. नाशिकचा पारा थंडीत १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहूनही खाली जातो, पण तळे गोठण्याची वेळ आपल्यावर येत नाही. आपल्याकडे खोलीचा उपयोग होतो तो एप्रिल-मेमध्ये. उथळ पाणी दुपारी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे तो आणखी थोडा कमीच. तळाचे पाणी गार राहावे यासाठी साडेतीन ते चार फूट खोली पुरेशी होते. त्यापुढे लहान तोंडाच्या तळ्यात खालचे पाणी हलत नाही, पानांचा गाळ तिथे कुजत राहतो आणि तो काढायला माणसाला गळ्याच्या वर पाण्यात उतरावे लागते. तेव्हा खोल पाणी आपोआप स्वच्छ राहते, ही समजूत खरी नाही.

चार फूट खोलीसुद्धा सगळीकडे सारखी ठेवू नये. कमळाच्या कुंडीवर फूट-दीड फूट पाणी पुरते, वेखंडासारख्या काठावरच्या वनस्पतींना काही इंचच लागते. म्हणून १२ फुटांच्या एका बाजूने दीड फूट रुंद आणि एक फूट खोल अशी पायरी कोरून ठेवावी व उरलेला भाग चार फुटांपर्यंत किंचित उतरत्या भिंतींनी न्यावा. अशा तळ्यात अंदाजे पावणेतीनशे घनफूट, म्हणजे सुमारे ७,८०० लिटर पाणी मावेल आणि पावणेतीन ब्रास माती निघेल. मोकळी झालेली माती फुगते, त्यामुळे साडेतीन ब्रास टाकायला जागा आहे की नाही, हे जेसीबी बोलावण्याआधीच पाहावे. बंगल्याच्या मागे यंत्र शिरत नसेल तर मजुरीचा हिशेब बदलतो, हेही आधीच ठरवावे.

जागा निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. कमळाला रोज किमान पाच-सहा तास ऊन हवे, त्यामुळे तळे कडुनिंबाखाली किंवा शेजाऱ्यांच्या विलायती चिंचेच्या सावलीत नको. शिवाय तिथे पानगळही सोसावी लागते. बांबू तर जवळपासही नको, कारण त्याची मुळे कागद भेदून आत येतात. दुसरी गोष्ट पायाची. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर बंगल्याच्या आणि कंपाउंडच्या भिंतीपासून सोडावे. काळ्या मातीत त्याहून जास्त सोडले तर उत्तम. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणूनच विटांचे बांधकाम करून आतून प्लॅस्टर केलेले हौद पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच गळू लागतात, आणि असा हौद आपण करू नये असे माझे ठाम मत आहे. काँक्रीटच करायचे असेल तर काळी माती काढून मुरमापर्यंत जावे, सळई घालून पाच-सहा इंच जाडीचा आरसीसी करावा आणि तीन आठवडे पाणी मारावे. त्यानंतरही सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून मासे सोडण्यापूर्वी हौद दोन-तीनदा भरून रिकामा करावा लागतो. आपल्या जागेत कागदच सोयीचा, कारण माती थोडी हलली तरी तो तिच्याबरोबर हलतो.

कागदाचे माप काढायची रीत सोपी आहे. लांबीत खोली दोनदा मिळवावी आणि दोन्ही काठांवर दाबण्यासाठी दीड-दीड फूट धरावे, रुंदीचेही तसेच. आपल्या तळ्यासाठी १२ + ८ + ३ म्हणजे २३ फूट आणि ८ + ८ + ३ म्हणजे १९ फूट कागद लागेल. मेहुण्यांकडचा तुकडा अखंड एवढा असेल, सावलीत ठेवलेला असेल आणि घडीवर पांढरा पडलेला नसेल, तर तो जरूर वापरावा. तो शेततळ्याच्या लांब सरळ उतारांसाठी बनवलेला असल्याने ताठ असतो. लहान खड्ड्याच्या कोपऱ्यांत त्याला चुण्या पडतात, म्हणून कोपरे गोलाकार काढावेत आणि कागद भर उन्हात थोडा नरम झाल्यावर अंथरावा. दोन तुकडे डिंकाने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. या कागदाचा जोड गरम यंत्रानेच होतो. नवा घ्यायचाच झाला तर एक मिलिमीटर जाडीचे ईपीडीएम रबर महाग पडते, पण वळणावर नीट बसते.

कागदाखालची तयारी मात्र घाईने उरकू नये. इथल्या मुरमात काळ्या दगडाच्या धारदार कपच्या असतात. खड्डा झाल्यावर भिंतींवरून हात फिरवून त्या वेचून काढाव्यात, दोन इंच वाळू पसरावी आणि त्यावर जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचे जाड कापड) किंवा जुनी सतरंजी घालावी. घुशीचा त्रास असेल तर काठाभोवती जमिनीत विटांचा एक थर उभा गाडावा, कारण घूस कागद कुरतडते.

खोलीपेक्षा ज्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, ती गोष्ट म्हणजे काठाची पातळी. गवंड्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते. तिचे एक टोक एका कोपऱ्यातल्या खुंटीला धरून दुसरे टोक प्रत्येक खुंटीपाशी न्यावे आणि नळीतल्या पाण्याच्या रेषेवर खूण करावी. डोळ्यांच्या अंदाजावर हे काम सोडू नये. १२ फुटांत दोन इंचांचा फरक राहिला, तर एका बाजूने पाणी सांडत असतानाच दुसऱ्या बाजूला दोन इंच काळा कागद उघडा पडतो, आणि तळे कितीही भरले तरी तो झाकला जात नाही. त्याच पट्ट्यावर ऊन पडून कागद कडक होतो आणि पुढे तिथेच तडकतो. सगळा काठ हिरवळीपेक्षा तीन-चार इंच उंच ठेवावा, नाहीतर जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत बागेतला चिखल आणि खत तळ्यात उतरेल. जादा पाणी जाण्यासाठी दोन इंची पाइप ठरवून काढावा आणि तो शोषखड्ड्यात सोडावा.

काम परतीचा पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या पुढे सुरू करावे आणि थंडी ओसरल्यावर कमळे लावावीत. नळाचे पाणी भरल्यास ते निदान दोन दिवस उघडे ठेवून क्लोरीन उडू द्यावे. पुढे पावसाळ्यात छताचे पाणी घेता येईल : १,००० चौरस फूट गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की गळती-गाळ वजा जाता साधारण साडेसात हजार लिटर पाणी मिळते, म्हणजे आपले तळे जवळजवळ भरते. पहिल्या पावसाचे पाणी मात्र बाहेर सोडावे.

एवढ्या पाण्यात कोई मासे नकोत. ते दोन फुटांपर्यंत वाढतात आणि त्यांना याहून पुष्कळ मोठे तळे लागते. पाच-सहा गोल्डफिश आणि डासांसाठी गप्पी पुरेत. गप्पी डासांच्या अळ्या खातात, पण पायरीवरच्या कुंड्यांच्या बशा, ताडपत्रीच्या घड्या अशा जागी मासे पोहोचत नाहीत. डेंग्यूचा डास तेवढ्याशा स्वच्छ पाण्यातही अंडी घालतो. मासे एकदम सोडू नयेत. त्यांच्या विष्ठेतल्या अमोनियावर काम करणारे जिवाणू पंपाला जोडलेल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर दोन-तीनच मासे असावेत. पंप दोन तासांत सगळे पाणी एकदा फिरवेल असा, म्हणजे ताशी सुमारे ४,००० लिटरचा घ्यावा आणि तो रात्रीही चालू ठेवावा, कारण रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. गोदावरीतली जलपर्णी शोभेसाठी म्हणून उचलून आणू नये, आणि तळ्यातले काहीही नदीत सोडू नये. ढोकरी आणि खंड्या मात्र येणारच. मासे लपतील असे एखादे खापर तळाशी आडवे ठेवावे.

नातवंडांचा विषय शेवटी आला, पण निर्णय खणण्यापूर्वीच घ्यायचा आहे. लहान मूल फूटभर पाण्यातही बुडू शकते. पाण्याखाली चार इंचांवर सळईची जाळी बसवावी आणि तिचे आधार काठाच्या बांधकामातच घ्यावेत. कमळाच्या देठांना जागा मिळेल पण पाऊल आत जाणार नाही, एवढीच तिची भोके असावीत. पंपाच्या जोडणीला ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) लावल्याशिवाय वीज सुरू करू नये.

प्रश्न : आमच्या तळ्याचे पाणी हिरवे होते, म्हणून दर पंधरवड्याला सगळे पाणी बदलतो. तरी आठवड्यात पुन्हा हिरवे. उपाय सांगावा.
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : सगळे पाणी बदलणे थांबवावे. नव्या पाण्यातून शेवाळाला नवे अन्न मिळते आणि गाळणीतले जिवाणू दरवेळी नव्याने वाढावे लागतात. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक पाणी बदलू नये, माशांना दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे, आणि कुमुदाच्या पानांनी निम्म्याहून थोडा अधिक पृष्ठभाग झाकू द्यावा. महिना-दीड महिना धीर धरावा.

प्रश्न : पावसाळ्यात तळ्याच्या तळाचा कागद फुग्यासारखा वर आला आहे. पाणी काढून तो पुन्हा बसवावा का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आता पाणी मुळीच काढू नये. मुरमात साचलेले पावसाचे पाणी खालून दाब देत आहे आणि तळ्यातल्या पाण्याचे वजनच तो दाब अडवून धरते. पाणी उपसले की कागद आणखी उचलला जाईल आणि जोड उसवतील. तळे काठोकाठ भरून ठेवावे. बाजूला, चढाच्या दिशेने, तळ्याच्या तळापेक्षा फूटभर खोल असा भोके पाडलेला सहा इंची पाइप उभा गाडावा, त्याभोवती खडी भरावी आणि त्यात साचेल ते पाणी छोट्या पंपाने बाहेर टाकावे. दाब गेला की फुगा बसतो. कायमचा उपाय म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत त्याच बाजूला खडीचा चर काढून तो उताराकडे न्यावा, आणि कागदाखाली काळी माती राहिली असेल तर तेव्हाच ती काढून मुरूम भरून दाबावा.