एफडीला हप्ता कसला?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून: ‘‘वय ६१, जुळे सोलापूर. साखर कारखान्यातून निवृत्त. वडिलांची १९६५ची एमजीबी आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. वडील २०१९मध्ये गेले, तेव्हापासून गाडी शेडमध्येच. वायरिंग पार गेलंय. इंग्लंडहून नवा हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार संच, ३५० पाउंडला मिळतो. शिवाय डायनामोच्या जागी अल्टरनेटर, बॅटरी, मजुरी असा सगळा अंदाज १ लाख ६० हजार. चालू झाली की २५ लाखांना जाईल. तोवर लग्नसराईत भाड्याने देईन. बँकेतली ३ लाखांची एफडी मोडणार होतो, पण मॅडम म्हणतात, १५ मार्चचा दुसरा हप्ता भरल्याशिवाय काही निघणार नाही. मग सोनं तारण ठेवू का?’’

पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा गाडीसाठी, आमच्या घरी अ‍ॅम्बॅसेडर होती म्हणून. दुसऱ्यांदा ‘हप्ता’ या एका शब्दासाठी.

एफडीला हप्ता नसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत दुसऱ्या पानावर स्पष्ट छापलंय: मुदत १५ वर्षं, प्रीमियम १० वर्षं, दर वर्षी ३ लाख. ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे. गेल्या मार्चमध्ये फंडाचे पैसे खात्यात आले, त्याच आठवड्यात ती तुमच्या गळ्यात पडली. योगायोग म्हणायचा!

आता हिशेब. एक हप्ता गेला, नऊ राहिले, म्हणजे २७ लाख. तुमच्याकडे बाकी एफडी सगळ्या मिळून २२ लाख. जवळ आहेत त्यापेक्षा जास्त पैसे भरायचं कबूल करून तुम्ही सही केली आहे, आणि सही घेणाऱ्यांनी तुमचं खातं समोर उघडं ठेवून ती घेतली. शेवटी मिळणार ४६ लाख, वयाच्या ७६व्या वर्षी. वर्षाला जेमतेम चार टक्के पडतात. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना सध्या ८.२ टक्के देते, तेही दर तिमाहीला हातात.

तुमचं महिन्याचं गणित असं: पेन्शन २,८००, भाडं ९,००० आणि २२ लाखांवर सात टक्क्यांनी साधारण १२,८००. एकूण २४,६००. खर्च २८,०००. हप्ता न धरताही महिन्याला जवळपास साडेतीन हजारांची तूट आहे. हप्ता धरला तर त्यात महिन्याला २५ हजारांची भर.

म्हणून दुसरा हप्ता भरू नका. ‘तीन लाख बुडतील’ ही भीती खरी आहे, पण ते वाचवायला आणखी सत्तावीस ओतायचे नसतात. पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत कधीच गेली. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या अशा पॉलिसीत पहिलं वर्ष पूर्ण झाल्यावर, पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेला असेल तर काही सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडल्यावरचे पैसे, मिळते. ती किती, ते कंपनीकडून लेखी मागा. पण सरेंडरचा फॉर्म इतक्यात भरू नका, आधी कंपनीकडे तक्रार करा: एफडी म्हणून विकली, पूर्ण रक्कम परत हवी. सोबत प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची, प्रत मागा आणि त्यात तुमचं वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. असे फॉर्म मी बरेच पाहिलेत. तो आकडा वाचून माणसाला स्वतःच्याच श्रीमंतीचा पत्ता लागतो. तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

बाकीच्या एफडी जशा संपतील तसे २० लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत वळवा. महिन्याला दोनेक हजार वाढतील. आरोग्य विम्याबद्दल पत्रात अक्षरही नाही. आहे का? तुमचा आणि वहिनींचा?

सोनं घरातच राहू द्या. आता गाडी.

२५ लाख विसरा. आरसी अजून वडिलांच्या नावावर आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून ती नावावर करायची असते. तुम्ही काही वर्षं उशीर केलात. तुमच्या बार्शीच्या बहिणीची संमती लागेल, आणि वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर गाडीत तिचाही बरोबरीचा हिस्सा. भाड्याचं तर बोलूच नका. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायला २० हजार लागतात, आणि तशा गाडीला धंद्याला मनाई आहे. आणि दोन सीटमध्ये नवरा-नवरी बसल्यावर चालवणार कोण?

वायरिंग मात्र चैन नाही. या काळच्या एमजीबीत फ्यूज दोनच, आणि हेडलाइटच्या वायरी त्या दोन्हींच्या बाहेर. साठ वर्षांचं इन्सुलेशन आपल्या मे महिन्यात तडकलं, तर फ्यूज उडणार नाही, गाडी पेटेल. हार्नेस आज ना उद्या लागेलच. पाउंड ११५ धरला तर ४० हजार, कुरियर आणि ड्युटी धरून ६० हजार.

पण तो यंदा नको. यंदा पंधरा हजारांत बसवा. वायरींचे पितळी बुलेट जोड एकेक उपसून पॉलिश पेपरने घासा, बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या वायरींची टोकं स्वच्छ करा. अर्धे दिवे तेवढ्यानेच लागतील. सहाशे रुपयांचा बॅटरी कटऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, बसवा. सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच चालते. पण ही गाडी प्लस अर्थची आहे, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. सवयीने कुणी उलटी जोडली, तर आरपीएमचा काटा पहिला जाईल. बॅटरी लावताना शेजारी उभे राहा.

अल्टरनेटर कशाला? लूमच्या मोटरी भरणाऱ्यांच्या गावात राहता तुम्ही! अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डायनामोचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा वाइंडिंगचा भाग, दाखवा, तीन-चार हजारांत भरून मिळेल. बसवल्यावर कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा आपोआप स्विच) जोडण्याआधी फील्डच्या टोकाला बॅटरीची जिवंत वायर क्षणभर टेकवायला सांगा, नाहीतर डायनामो उलटा चार्ज होऊन कटआउटचे पॉइंट जळतात. इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर, रोटर इंग्लंडहून मागवण्याआधी जुना नग घेऊन पुण्यात नाना पेठेत अ‍ॅम्बॅसेडरचा माल जुळवून बघा. दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी सिरीजची, आणि या गाड्यांचा विजेचा माल बनवणाऱ्या लुकासचा माल १९६१पासून मद्रासला टीव्हीएससोबत बनत आलाय.

आरसी नावावर झाली आणि विम्याचे काही पैसे परत आले, की त्यातून हार्नेस मागवा. हौस म्हणून. परतावा म्हणून नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बँकेतून फोन येईल, फार गोड आवाजात. तुम्ही एवढंच विचारा: ‘‘मॅडम, एफडी आहे ना माझी? मग हप्ता कसला?’’ आणि उत्तर ईमेलवर मागा. ते लोकपालांपुढे लागेल.