‘रॉजर’ म्हणजे ‘हाव’ का?

मेळघाटातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे: वनखात्याच्या वॉकीटॉकीवर ‘रॉजर’ ऐकू येतं, आम्ही त्याचा अर्थ ‘हाव’ (वऱ्हाडीतला ‘हो’) असा धरतो, वैमानिकही त्याच अर्थानं म्हणतात का?

नाही. विमानाच्या रेडिओवर ‘रॉजर’ म्हणजे ‘तुमचं शेवटचं बोलणं पूर्ण पोचलं’, एवढंच. रेडिओवर अक्षर नीट कळावं म्हणून त्याला एक शब्द ठरवलेला असतो; जुन्या यादीत ‘आर’ला रॉजर म्हणत, आणि ‘आर’ म्हणजे रिसीव्ह्ड. १९५६पासून त्या अक्षराचा रोमिओ झाला, पोचपावती मात्र जुन्या नावानंच राहिली.

आपलं ‘हाव’ तीन कामं एकटंच करतं. विहिरीवरून फोन येतो, ‘स्टार्टर बंद आहे ना?’ उत्तर ‘हाव’. म्हणजे ऐकलं, की बंद आहे, की आता करतो? वैमानिकांनी हे तिन्ही अर्थ वेगळे काढले: पोचलं तर ‘रॉजर’, होकार ‘अफर्म’, तसं करतो ‘विल्को’. आंतरराष्ट्रीय नियमात ‘अफर्मेटिव्ह’ पूर्ण म्हणत नाहीत, कारण खरखरीत शेवटचंच ऐकू आलं तर ते ‘निगेटिव्ह’ही वाटू शकतं.

धावपट्टी, उंची, दिशा, वेग यांच्या आदेशांना ‘विल्को’ही पुरत नाही. आदेश आकड्यांसह परत म्हणायचा, सोबत विमानाचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव. मग जमिनीवरून आदेश देणाऱ्या नियंत्रकानं तो लक्ष देऊन ऐकायचा आणि चूक तिथंच पकडायची. सुटतो तो हाच अर्धा भाग. १९ फेब्रुवारी १९८९ला क्वालालंपूरजवळ नियंत्रकानं एका मालवाहू विमानाला ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ सांगितलं, म्हणजे २,४०० फूट. वैमानिकांनी पहिला ‘टू’ आकडा न धरता ‘पर्यंत’ धरला आणि ‘ओके, फोर झीरो झीरो’ असं परत म्हटलं. ते कोणी दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघे गेले. (देवनागरीत तर दोन्ही ‘टू’ दिसायलाही सारखेच!) ‘टू थाउजंड फोर हंड्रेड’ म्हटलं की हा घोळ राहत नाही.

‘ओके’ त्याहून घातक. २७ मार्च १९७७, स्पेनच्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ, धुकं. डच कंपनी केएलएमचा वैमानिक म्हणाला, ‘वुई आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ’. हे वळण डच असावं, असं अभ्यासकांनी सुचवलं आहे. वऱ्हाडीत ‘आम्ही निघून राहिलो’ म्हटल्यासारखं: गाडी हलली, की अजून दारातच? नियंत्रकानं धरलं, उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला, मग ‘थांबा, मी बोलावतो’ या अर्थाचं वाक्य. पण त्याच क्षणी त्याच धावपट्टीवरचं पॅनअ‍ॅमचं विमान बोललं आणि केएलएमला ‘ओके’पुढे बहुतेक शिट्टीच ऐकू आली. केएलएमचं विमान धावतच राहिलं, दोन्ही विमानं आदळली, ५८३ माणसं गेली.

केएलएमला आधी दिलेल्या मार्गाच्या परवानगीतही ‘टेकऑफ’ शब्द आला होता. आता तो उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात, एरवी ‘डिपार्चर’.