लेखनिकासाठी दहावीच्या फॉर्मची वाट बघू नका

प्रश्न : मुलगा नववीत आहे. द्राक्षबागेत फवारणीला किती पाण्यात किती औषध, हे तोंडी अचूक सांगतो. पेपरात मात्र ३६ चे ६३ करतो, निम्मा पेपर कोराच राहतो. शाळा म्हणते, दहावीच्या वेळी बघू. याचे वडील म्हणतात, अपंगाचा दाखला काढून पोरावर शिक्का नको. काय करू?
– एक आई, तासगाव तालुका

उत्तर : ताई, दहावीच्या वेळी फार उशीर होईल. अध्ययन अक्षमता, म्हणजे समज चांगली असूनही लिहिण्या-वाचण्यात किंवा आकड्यांत अडचण, आहे की नाही हे पत्रावरून सांगता येत नाही, पण तपासणी आत्ताच करून घ्या. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरा आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये ही तपासणी कोणत्या वारी होते ते आधी विचारून मगच जा, म्हणजे पोराची शाळा आणि तुमची मजुरी बुडणार नाही. जुन्या वह्या, उत्तरपत्रिका सोबत न्या. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला असेल, तर ते पान वर ठेवा.

शाळेशी तोंडी बोलणं पुरे झालं. मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते पेपरात लिहिणारा) अशा सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फतच दहावीची परीक्षा घेणाऱ्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून शाळेला टाळून चालणार नाही.

वडिलांची काळजी मला समजते. पण 'आळशी', 'ढ' हे शिक्के पोरावर आधीच बसलेत, आणि ते कुठल्याही दाखल्याहून वाईट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे. सवलत मागणं म्हणजे कुणाचे उपकार घेणं नव्हे. तासाला २० मिनिटं जादा, म्हणजे दोन तासांच्या बीजगणिताच्या पेपरला ४० मिनिटं. निम्मा पेपर कोरा ठेवणाऱ्या मुलाला ती किती मोलाची, हे त्यांना घड्याळ लावून दाखवा.

एका सवलतीबाबत मात्र घाई नको. नेहमीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित आणि कार्यानुभव घेता येतो. तो पर्याय सोपा वाटतो, पण पुढे पॉलिटेक्निक किंवा सायन्सला गणित आडवं येतं. तोंडी हिशेब इतका पक्का असलेल्या मुलाला माझ्या मते गणित सोडायला लावू नये. आधी जादा वेळ आणि लेखनिक घेऊन बघा.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो. त्याला सांगताना कुठे थांबायचं, आकृतीत कोणती रेघ कुठून कुठे, समीकरण कसं बोलायचं, हे सवयीनेच जमतं. म्हणून अर्जातच लिहा की नववीच्या घटक चाचणीपासून हीच सोय मिळावी. घरी रोज एक प्रश्न त्याने सांगायचा, तुम्ही लिहायचा. त्याने सांगितलं तेवढंच लिहा, चुकलं तरी मधे दुरुस्त करू नका.